दहाचे दहा भरले तर

दस्तगीरमामांनी माझ्या गव्हाच्या डब्यात मनगटापर्यंत हात घातला, तळातून मूठभर दाणे वर काढले, त्यातला एक दाढेखाली धरून फोडला आणि रांगेतल्या सात-आठ बायकांच्या देखत म्हणाले, "बाई, वरचा गहू बाजारातला हाय. खालचा रेशनचा."

मला तळेगाव ढमढेऱ्याला येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. नव्वद-एक्क्याण्णवचं साल असावं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली झाली होती आणि गिरणीच्या समोरच दोन खोल्या भाड्याने मिळाल्या होत्या. नवीन गावात शाळेच्या बाईंनी रेशनचा गहू दळायला नेलेला दिसू नये म्हणून मी वर चार बोटं चांगल्या गव्हाचा थर दिला होता. तो थर या माणसाने एका दाण्यात उघडा पाडला. मला इतका राग आला की दळण तसंच उचलून परत जावं असं वाटलं.

मामांना त्याचं काही नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "रेशनचा घाला की, खुशाल घाला. पन थर नका लावू, कालवून आना. थर लावला की पहिल्या दिवशी पोळी येगळी आन् चौथ्या दिवशी येगळी. मग घरचे म्हननार, गिरनीवाल्यानं पीठ बदाललं."

म्हणजे मला माझ्या अब्रूची काळजी, त्यांना त्यांच्या. या माणसाचं सगळं आयुष्य या एका काळजीवर चाललेलं आहे हे मला पुढे कळलं. गिरणीवाला चोर असतो असं प्रत्येक गिऱ्हाईक गृहीत धरतं, आणि गिऱ्हाईक काहीतरी लपवतंय असं गिरणीवाला. दोघांच्या मध्ये तो दगड फिरत असतो.

मामा पन्नाशीचे असतील. उंच, जरा वाकलेले, तोंडाला फडकं बांधलेलं. भुवया, पापण्या, कानावरचे केस सगळे पिठाने पांढरे. त्यांच्या केसांचा खरा रंग फक्त शुक्रवारी दुपारी, नमाजाला निघाले की दिसायचा. बोलणं कमी आणि बघणं जास्त. तुम्ही डबा खाली ठेवला की त्यांची नजर आधी डब्यावर, मग धान्यावर आणि शेवटी तुमच्या पायांकडे जायची. बायामाणसांच्या पायांकडे कसले बघतात, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. माझी सासू तर त्यांच्यासमोर पाय साडीत ओढून उभी राहायची.

त्यांच्या बायकोला सगळे मामी म्हणायचे. गिरणीच्या मागेच त्यांचं घर होतं. गिरणीला एकच दगडजोडी, त्यामुळे दळणाचा क्रम ठरलेला. सकाळी बाजरी आणि ज्वारी, दुपारनंतर गहू. मधे बाजरीचं पीठ दगडाला राहतं म्हणून गव्हाचं पहिलं दळण कुणालाच नको असायचं. मामा त्या जागी स्वतःच्या घरचा गहू घालायचे. दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीने खाचा पाडल्या, की पहिल्या पिठात खडीची कचकच येते. तेही दळण त्यांच्याच घरचं. लाल झाकणाचा एक डबा त्यासाठी कायम कोपऱ्यात असायचा. मामी मला एकदा म्हणाल्या होत्या, "सगळ्या गावाच्या वाटची खडी आमच्याच दाताखाली."

हे सगळं ऐकूनही माझा संशय काही जाईना. माझ्याकडे एक ताणकाटा होता. एका रविवारी मी दहा किलो गहू घरी मोजून नेला आणि पीठ घरी आणून मोजलं. दीडशे ग्रॅम कमी. मी तशीच उलट पावली गिरणीत गेले आणि अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं, हे काय म्हणून.

मामांनी मोटर बंद केली. एरवी कुणाशी बोलण्यासाठी ते मोटर बंद करत नसत.

"बाई, दगड तापतो, ओल उडती. थोडं हवेत जातं, थोडं माझ्या भुवईवर बसतं. दहाला शंभर-दीडशे कमी यायलाच पायजे. ज्या दिवशी दहाचे दहा भरतील ना, त्या दिवशी माझ्यावर संशय घ्या. त्या दिवशी समजा, यात दुसऱ्या कुनाचं तरी पीठ हाय."

मला हे फार पटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, चोर हुशार दिसतो. तो शिरूरला एका कचेरीत कारकून होता आणि त्याच्या मते सगळेच चोर हुशार होते.

त्यानंतर मी बरीच वर्षं त्या गिरणीत दळण नेलं, आणि दळण होईपर्यंत तिथल्या बाकावर बसून मामांना बघत राहिले. या माणसाला गावातल्या प्रत्येक घरातलं आतलं कळत होतं, तेही कुणाला काही न विचारता. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाच्या घरात माणूस दवाखान्यात आहे, हे डबा सांगायचा. घर फुटल्याचं तर सगळ्यांच्या आधी गिरणीला कळायचं. एकाच घरातून, एकाच दिवशी, दोन जावा दोन वेगळे डबे घेऊन आल्या आणि एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या, की मामा समजायचे. बाजारपेठेतल्या एका घराच्या अशाच दोन जावांचं दळण त्यांनी एकापाठोपाठ एक घातलं आणि दोघींना अर्धं अर्धं भरून दिलं. मोठी जाऊ भांडायला उठली तर म्हणाले, "चूल येगळी मांडा. दगड येकच हाय, त्याला मी काय करू?" घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण त्या कधी मोडल्या आणि कधी नव्या मांडल्या याची खबर या माणसाकडे असायची. मात्र ती त्यांनी कुणाला दिल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मग दिवस बदलायला लागले. सणसवाडीला, रांजणगावला कारखाने आले आणि पोरं बारा-बारा तासांच्या पाळीला जायला लागली. ज्या घरांतून पायलीपायलीने बाजरी यायची त्या घरांतून गहू यायला लागला. बाजरी-ज्वारी आणताना लोक फडक्याखाली झाकून आणायचे आणि गव्हाचा डबा उघडा. मग गव्हाचेही डबे लहान झाले. माझाच दहाचा डबा आठावर आणि आठाचा पाचावर आला. आम्ही काही उपाशी नव्हतो, उलट दोघांचे पगार वाढले होते. पण सकाळी पाव, दुपारी मुलांना डब्यात काहीतरी तयार, रविवारी हॉटेल. घरात दूध दुप्पट यायला लागलं, टीव्हीचा हप्ता सुरू झाला, आणि पोळ्या कमी झाल्या. हे माझं मला कळायच्या आधी मामांनी सांगितलं. मी पाच किलोचा डबा पहिल्यांदा ठेवला तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगलं हाय. घर वर चाललंय."

मी विचारलं, डबा लहान झाला तर घर वर कसं?

मग त्यांनी मला त्या बघण्याचं गुपित सांगितलं. म्हणाले, गरिबाचा डबा मोठा असतो, कारण त्याच्या ताटात भाकरीशिवाय काही नसतं. डबा लहान झाला की त्याचे दोन अर्थ. एक तर घर वर गेलं, भाकरीबरोबर दुसरे चार पदार्थ आले. नाहीतर घर खाली गेलं, भाकरीच कमी पडली. डबा तेवढाच दिसतो. "कोनतं ते वळखायचं तर चपला बघायच्या. मानूस तोंडानं काय बी सांगंल. पायातलं सांगायचं त्याच्या ध्यानात नसतं."

मी त्या दिवशी नवीन सँडल घातल्या होत्या. आता माझी मलाच लाज वाटते, पण तेव्हा मी खूश झाले.

बाजारात तयार पिठाच्या पिशव्या आल्या तेव्हा मामांनी एक विकत आणली. फोडली, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि पिशवी गिरणीच्या फळीवर तशीच उघडी ठेवून दिली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती दाखवायचे. दोन महिने झाले तरी तिला किडा लागेना. "किड्याला बी जे नको, ते मानसाला कसं चालतं? कवा दळलं, कुनी दळलं, कुनी बघितलं?" बायका ऐकून हसायच्या, मान हलवायच्या आणि बाजारातून जाताना पिशवी घेऊन जायच्या. जी बाई दळण रांगेत उभं राहून, डोळ्यांत तेल घालून बघायची, तिला न बघितलेल्या पिठावर एकदम विश्वास बसला. मामांना हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. मीही आणत होतेच. फक्त त्यांच्या दारावरून नेताना कापडी पिशवीत घालून न्यायची.

आता ठकूआजी. त्यांच्यामुळेच हे सगळं झालं, आणि माझ्यामुळे.

ठकूआजी कालव्याकडच्या वस्तीवरून यायच्या. त्यांचे लोक पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, पण त्यांच्या लग्नानंतर घर एका जागी बसलं, शेती झाली. दोन मुलगे. थोरला ऊस आणि भाजी बघायचा, धाकटा कारखान्यात. धाकट्याची बायको रंजना, तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. आजी दर बाजारच्या दिवशी चालत यायच्या, अनवाणी. डोक्यावर बाजरीचं गाठोडं, अंगावर जुनं लुगडं. गिरणीच्या उंबऱ्यात बसून मामांना शिव्या द्यायच्या. मामा त्यांना आत्या म्हणायचे. हा प्रकार मी येण्याच्या आधीपासून चालू होता.

गाठोडं आधी दहा किलोचं असायचं. मग पाच. दोन हजार सालाच्या पुढे ते दोन किलोवर आलं आणि तिथेच थांबलं. मामांनी नेहमीप्रमाणे पायांकडे बघितलं. पायात काही नव्हतं. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा.

मामांचा संशय रंजनावर बसला. एकदा त्यांनी आजींना सरळ विचारलं, पोरं खायला घालतात का. आजी म्हणाल्या, "घालत्यात. तुला काय करायचंय?" मामांना हे उत्तर म्हणजे पुरावाच वाटला. ज्याच्या घरी जेवायला मिळतं तो चिडत नाही, असं त्यांचं म्हणणं. रंजना स्कुटीवरून गिरणीतल्या डंक्यावर मिरची कांडायला आली की ते तिला मुद्दाम ताटकळत ठेवायचे. तिच्या पायात उंच टाचेच्या चपला असायच्या, त्याकडे असं बघायचे की जणू त्या सासूच्या भाकरीतूनच कापून केल्या आहेत. एकदा माझ्याशी बोलताना ते म्हणाले, "म्हातारी लाजंनं बोलत न्हाई. इज्जतीचं मानूस हाय."

अशात एका बाजारच्या दिवशी मी बाकावर बसले होते. मामांनी आजींचं पीठ पिशवीत काढलं, मग उंबऱ्याकडे पाठ केली आणि कोपऱ्यातून काहीतरी दोन-तीन ओंजळी उचलून त्या पिशवीत घातलं. गाठ मारून पिशवी आजींच्या डोक्यावर दिली. त्यांनी काय उचललं ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. त्या कोपऱ्यात केरसुणीने गोळा केलेलं झाडण पडलेलं असायचं, एवढं मला माहीत होतं.

माझ्या मनात जे आलं ते सांगायला हवं. मला वाटलं, म्हातारीला कळणार नाही, ती तक्रार करणार नाही, म्हणून हा माणूस जमिनीवरचं झाडण तिच्या गळ्यात मारतोय. दहा-बारा वर्षं ज्याला जवळून बघितलं, त्याच्याबद्दल असं वाटायला मला एक क्षण पुरला. पुढच्या बाजारीही तेच झालं. मी मामांना विचारायला हवं होतं. पहिल्या वेळी विचारलं होतं तसं. पण आता ओळख झाली होती आणि ओळखीच्या माणसाला तोंडावर विचारता येत नाही, त्याच्या पाठीमागे बोलता येतं.

रंजना मुलाचा निकाल बघायला शाळेत आली तेव्हा मी म्हणाले, "आजींच्या पिठाचं एकदा घरी वजन करून बघा. नीट चाळूनही बघा." एवढंच. झाडणाचा शब्द उच्चारला नाही. मला वाटलं, मी फार जपून बोलले.

पुढच्या बाजारच्या दिवशी गिरणीत नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. रंजना आली, आजींची पिशवी तिच्या हातात. तिने ती तराजूत टाकली. "मामा, म्हातारीनं सकाळी दोन किलो बाजरी आनली होती. मी सोता मोजून दिली. पीठ अडीच किलो कसं?"

मामा तराजूच्या काट्याकडे बघत राहिले.

"चाळून बघितलं. बाजरीच्या पिठात गव्हाचं कालवलंय. कुनाचं काढून आमच्या पिशवीत घालताय? आन् कशासाठी? आमी काय भिकारी हाय?"

तिचा आवाज चढला होता, पण शेवटच्या वाक्याला तो फाटला. तिला खरंच लागलं होतं. आणि रांगेतल्या बायकांनी त्यातलं फक्त एक वाक्य उचललं. कुणाचं काढून? एकीने आपला डबा उघडून बघितला. दुसरीने तो पुन्हा तराजूत ठेवायला सांगितला. कुणीतरी म्हणालं, तरी मला वाटतच होतं. मामांनीच आम्हाला शिकवलेलं होतं, वजन जास्त भरलं तर समजा दुसऱ्याचं पीठ आहे. ते वाक्य त्या गिरणीत सगळ्यांना पाठ होतं.

मामी आतून आल्या. त्यांनी तो लाल झाकणाचा डबा उचलला आणि दाणकन फळीवर ठेवला. त्यांचं तोंड उघडलं होतं, पण मामांनी हात वर केला आणि त्या थांबल्या. तो डबा बघितल्यावर मला कळलं. झाडण नव्हतं. त्यांच्या घरचं पीठ होतं, गावाच्या वाटची खडी ज्यात यायची तेच. ते सांगायचं तर म्हातारीला मुलं उपाशी ठेवतात असं चारचौघांत सांगावं लागलं असतं. इज्जतीचं माणूस आहे म्हणून ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याने स्वतःची इज्जत घालवून बसले.

मी बोलू शकले असते. माझ्या मांडीवर पाच किलोचा डबा होता आणि मी तो घट्ट धरून बसले. आजही तो क्षण आठवला की माझे कान तापतात.

ठकूआजी पुढच्या आठवड्यात आपल्या वेळेला आल्या. गिरणीत मी आणि आणखी दोघीच होतो. आजींनी गाठोडं खाली आपटलं.

"काय रं, भिकारी समजला व्हय मला?"

"आत्ये, दोन किलोत मानसाचा आठवडा जातो व्हय?"

"मी खातीय कुठं ती बाजरी? दात हाईत का मला भाकर खायाला? सून सकाळी पेलाभर दूध देती, चहात टोस बुडवून खाती, दुपारी मऊ भात. नातू ते शेवयावानी काय करतो, ते बी खाती. बाजरी शेळी खाती."

मामांनी विचारलं, "शेळी?"

"मग? आन् आता तुझा गहू बी खाती. अंगानं भरली."

"आन् चपला?"

"दोन जोड घेतल्यात पोरानं. खुटीला टांगल्यात. मला चपला घालून चालता येत न्हाई, जल्मात घातल्या न्हाईत."

मामा बाकावर बसले. त्यांना गिरणी चालू असताना बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाले, "शेळीसाठी दळून न्हेतीस? दर आठवड्याला? चार मैल चालत?"

आजींनी मान फिरवून गिरणी बघितली. रिकामी फळी, बाजूला ठेवलेले चार डबे, उघडी पडलेली ती बाजारची पिशवी. मग त्यांचा आवाज खाली आला.

"तुझं चाक फिराया नको व्हय? जवा यावं तवा रिकामाच दिसतो. म्हनलं, पोरं बघत न्हाईत वाटतं ह्याला."

मामांचे दोन्ही मुलगे पुण्याला होते. एक टेम्पो चालवायचा, एक कुठेतरी गोडाऊनवर. ते महिन्याला येतात की वर्षाला, हे गावाला माहीत नव्हतं, कारण मामांच्या घरचं दळण मामांशिवाय कोण बघणार? पण म्हातारीने उंबऱ्यात बसून ते ओळखलं होतं.

मामांनी उठून गाठोडं सोडलं, तराजूत टाकलं, दळलं, पिशवीत भरलं आणि पुन्हा तराजूत टाकून आजींना काटा दाखवला. "कमी भरलंय आज."

"भरू दे," आजी म्हणाल्या आणि पिशवी डोक्यावर घेऊन निघाल्या. दोघांचाही अपमान झाला होता. दोघांनीही एकमेकांना गरीब ठरवलं होतं, आणि दोघांनाही ते एकमेकांकडून कळलं. तरी पुढच्या बाजारी त्या आल्या आणि त्यानंतरही, पाय चालले तोपर्यंत येत राहिल्या.

गिऱ्हाईक मात्र परत आलं नाही. त्या दिवशीच्या दोघींनी खरी हकिकत गावभर सांगितली, कुणाच्या मनात मामांबद्दल किल्मिष उरलं नाही. रंजना तर एकदा शेवग्याच्या शेंगा ठेवून गेली. पण लोकांना कधीपासून जायचंच होतं. दहा-दहा तासांचं भारनियमन, रांगा, डबे वाहून नेणं, सगळ्यालाच कंटाळले होते. त्या आठवड्यातल्या संशयाने त्यांना तयार पिठाची सवय लावली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं मी स्वतःला समजावत असे. पण तो कावळा तिथे मी उडवून पाठवला होता.

त्यानंतर माझी दौंड तालुक्यात बदली झाली. काही वर्षं भांडगावला, मग दौंडलाच. तिथे आम्ही छोटंसं घर घेतलं. मुलगा आणि मुलगी आपापल्या संसाराला लागली, नवरा हृदयविकाराने गेला आणि मला साखर निघाली. डॉक्टरांनी गहू कमी करून ज्वारी खायला सांगितली. जी ज्वारी लोक एकेकाळी फडक्याखाली झाकायचे तिचा भाव तोवर गव्हाच्या वर गेला होता.

दौंडात गिरण्या होत्या. तरी एका सकाळी मी दोन किलो ज्वारी पिशवीत घातली आणि न्हावऱ्यावरून तळेगावला गेले. कबूल करायचं होतं. एकटं राहायला लागलं की अशा गोष्टी घरात फिरायला लागतात. एसटीतून उतरताना डाव्या चपलेचा अंगठा तुटला. स्टँडवर चांभार दिसला नाही, म्हणून पदराची पिन काढून ती अडकवली आणि पाय ओढत गेले.

गिरणी होती. मामा बाहेर खुर्चीवर बसले होते. आता त्यांचे केस पिठाशिवायच पांढरे होते. मामी गेल्याचं मला ठाऊक नव्हतं, ते तिथे कळलं. ठकूआजीही गेल्या होत्या. मामांनी मला ओळखलं. ज्वारीत हात घालून एक दाणा फोडला आणि म्हणाले, "चांगली हाय, बार्शीकडची." मग नजर खाली गेली. पिन दिसली असणार.

"मानसं किती आता?"

"मी एकटीच," मी म्हणाले.

त्यांनी मोटर चालू केली. त्या आवाजात बोलणं सोपं जाईल म्हणून मी जवळ गेले आणि सांगायला सुरुवात केली, मामा, त्या वेळी रंजनाला मी... त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

"बाई, वजन करा म्हननारं मानूस शिकलेलंच असनार. तवाच कळलं हुतं." आणि दगडाचा दाब जुळवायला वाकले.

मी उंबऱ्यात बसले, ठकूआजींच्या जागी. मला रडू येत होतं म्हणून मी रस्त्याकडे तोंड केलं. थोड्या वेळाने त्यांनी पिशवी गाठ मारून माझ्या हातात दिली. दळणाचे पैसे घेतले, सुट्टे परत दिले. "पायाला जपा," एवढंच म्हणाले आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. मी वळणावरून मागे बघितलं तेव्हा ते भुवई पुसत होते.

दौंडला पोचायला संध्याकाळ झाली. पिशवी हाताला जड लागत होती, पण मला वाटलं माझं वय. स्वयंपाकघरात ताणकाटा अजून होता. दोन किलो ज्वारीचं पीठ दोन किलो चारशे भरलं.

मला काही कमी नव्हतं. पेन्शन वेळेवर येत होती, कपाटात चपलांचे तीन जोड होते, मुलगा दर रविवारी फोन करत होता. मामांचा हिशेब पुन्हा एकदा चुकला होता, हे त्यांना पत्राने कळवावं असंही मनात आलं. मग मी पीठ मळायला घेतलं. ज्वारीत गहू कालवलेला, हाताला लगेच कळला, आणि पहिल्याच घासाला दाताखाली बारीक खडी आली. मी ती भाकरी पूर्ण खाल्ली. माझ्याकडे शेळी नव्हती.